पाटीवर नाव तुमचं, तर अंडंही तुमचंच

एका नावाजलेल्या शेफने पुण्यात नदीपलीकडे कॅज्युअल रेस्टॉरंट काढलंय आणि तिथल्या रविवारच्या ब्रंचवरून आमच्या ओळखीतल्या खाणाऱ्या लोकांत सध्या जाम जुंपलीये. दोन्ही बाजू इतकं वाईट भांडतायत की गप्प बसवेना. एका बाजूचं म्हणणं असं की बाबांनो, ही चप्पल घालून जायची जागा आहे, इथे फाइन डायनिंगच्या फूटपट्ट्या कशाला आणता, एवढा मोठा माणूस आपल्या शहरात आला तर कौतुक करायचं सोडून खुसपटं काढता, म्हणूनच पुण्यात काही चांगलं टिकत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हे सगळे शेफ म्हणजे टीव्हीवर चमकणारे लुटारू, त्या पैशात अख्ख्या घराची मिसळ होऊन वर मस्तानी आली असती. पहिल्यांना तक्रारच नकोय, दुसऱ्यांना तक्रार सोडून काही नकोय, आणि ताटात नेमकं काय होतं याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाहीये.

मी तिथे जेवलेय, ब्रंच वाईट होता, आणि माझं म्हणणं सरळ आहे. जागा साधी आहे म्हणून खुर्चीला, टेबलाला, काट्याचमच्यांना सूट द्यायला माझी ना नाही, स्वयंपाकाला मात्र ती सूट नाही. पण त्याहून मोठा मुद्दा असा की चूक कोणाची हे आपण भलतीकडेच शोधतोय. ती अंड्याच्या शेगडीवर उभ्या असलेल्या पोराची नाही, वाढणाऱ्याची तर नाहीच नाही. ज्याने मेनू लिहिला त्याची आहे. स्वतःची नजर असल्याशिवाय जे पदार्थ नीट होत नाहीत ते स्वतः नसताना विकायला ठेवायचे आणि पाटीवर, मेनूवर, पार नॅपकिनवरसुद्धा नाव मात्र स्वतःचं छापायचं, ही खरी गोची आहे.

आता काय झालं ते नीट सांगते, कारण 'मजा नाही आली' या वाक्याला काही अर्थ नसतो. लादीपावावर पालक, त्यावर दोन पोच केलेली, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात सोडून शिजवलेली अंडी आणि वरून ठेचा घातलेलं हॉलंडेज सॉस, म्हणजे एग्ज बेनेडिक्टचा मराठी अवतार. कल्पना झकास, वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. आलं तेव्हा सॉसवर साय धरली होती आणि कडेने लोणी सुटून पिवळं तळं झालं होतं. अंडं कापलं तर पांढरं कोमट आणि बलक मधोमध चक्क गार. जाणकारांना हे काय झालंय ते लगेच कळेल. शंभरेक माणसांची गर्दी असली की अंडी सकाळीच पोच करून बर्फाच्या पाण्यात टाकून ठेवतात आणि ऑर्डर आली की मिनिटभर गरम पाण्यात बुडवून काढतात, यात चोरी काही नाही, जगभर असंच चालतं. पण ते मिनिट कोणीतरी मोजावं लागतं. हॉलंडेजचंही तेच, लोणी आणि बलक यांची ती नाजूक मोट, गार झाली की लोणी थिजतं, जास्त तापली की बलक शिजून गुठळ्या होतात, मधल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात तिला सांभाळत बसावं लागतं आणि तेही फार वेळ नाही. सासूबाईंनी थालीपीठ वॉफल मागवलं होतं, वर लोण्याचा गोळा, बाजूला छोट्या वाटीत लोणचं, फोटोत तर दृष्ट लागेल असं. एक घास खाऊन त्यांनी वॉफल उलटं केलं आणि हळूच म्हणाल्या, अगं हे आतून कच्चट आहे. बरोबरच होतं, थालीपीठ मुळात पातळ थापून मधे भोकं पाडून तेल सोडत तव्यावर भाजायचा पदार्थ, ते भोक काही नक्षी म्हणून नसतं. तेच पीठ जाड साच्यात भरलं तर कडेला करपणार आणि मधे गिच्च राहणार, त्याला जादा वेळ द्यायला पाहिजे आणि रविवारी साडेबारा वाजता किचनकडे नेमका वेळच नसतो. कॉफी प्लेटा उचलल्यावर आली, ते सोडून देते.

बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज होता. विचारल्यावर काढला, हेही सांगायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावायचा नाही, रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. तरी अजून छापलेला येतो. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जेवणाबद्दल बोललं की ही जागा साधी, घरगुती, कॅज्युअल, आणि बिल करायची वेळ आली की तीच जागा एकदम पंचतारांकित होते. जागा साधी असेल तर बिलातही साधी असू दे ना.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो खरोखर भक्कम आहे. शेफ एकटा सगळीकडे कसा असेल? त्याने रोज प्रत्येक अंडं स्वतः फोडायचं का? पॉल बोक्यूज या फ्रान्सच्या थोर शेफच्या नावावर एक उत्तर सांगतात. तुम्ही नसता तेव्हा स्वयंपाक कोण करतं, असं विचारल्यावर तो म्हणे, मी असतो तेव्हा जे करतात तेच. हे उत्तर मला शंभर टक्के मान्य आहे. मोठं किचन म्हणजे एका माणसाचा हात नव्हेच, ती शिस्त असते. ऑग्यूस्त एस्कोफिए या फ्रेंच शेफने सव्वाशेक वर्षांपूर्वी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आणि मग कार्लटनमध्ये किचनची फौज लावली, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, मासेवाला वेगळा, प्रत्येकावर एक जबाबदार माणूस, ती नेमकी यासाठीच की एका डोक्यातली चव पन्नास हातांतून तशीच बाहेर यावी. आज आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्या हॉटेलात कॉमीपासून, म्हणजे सगळ्यात खालच्या शिकाऊपासून, एक्झिक्युटिव्ह शेफपर्यंतची जी उतरंड दिसते ती त्याचीच देणगी. तेव्हा शेफ जागेवर नव्हता ही माझी तक्रारच नाही.

पण बोक्यूजचं उत्तर उलटं करून बघा. 'तेच लोक करतात' हे खरं व्हायचं असेल तर तेच लोक तिथे असले पाहिजेत की नाही? ब्रंचला ते नसतात. अँथनी बोर्डेन हा न्यूयॉर्कचा शेफ, त्याने 2000 साली छापलेल्या आठवणींत हे उघड करून टाकलं होतं. शनिवारी रात्री मुख्य टीम राबून राबून गळालेली असते, ती रविवारी सकाळी झोपते, ब्रंच येतो नवख्यांच्या नाहीतर शिक्षा म्हणून पाठवलेल्यांच्या वाट्याला, आणि आठवड्याचं उरलंसुरलं त्यात खपवायची सोयही होते. त्याने हे लिहून पंचवीस वर्षं झाली. म्हणजे धंद्यातल्या प्रत्येकाला माहितीये की रविवारी बारा वाजता सगळ्यात कच्चे हात कामावर असतात. आणि त्याच कच्च्या हातांत तुम्ही काय देता? हॉलंडेज. पोच केलेलं अंडं. नवख्या पोराला सगळ्यात जास्त रडवणारे दोन पदार्थ, ते पण एकाच प्लेटमध्ये, दर दोन मिनिटांनी ऑर्डरची नवी चिठ्ठी येत असताना. आता सांगा, चूक पोराची?

दुसरा मुद्दाही वजनदार आहे. मोठ्या शेफच्या हातचं सगळ्यांना कुठे परवडतं, त्याने थोडी स्वस्त जागा काढली तर ही चांगलीच गोष्ट झाली, दरवाजे उघडले, आणि तुम्ही त्यालाच झोडपताय. यावर मला राजा रविवर्मा आठवतो. राजेमहाराजांसाठी तैलचित्रं काढणाऱ्या या माणसाने 1894 साली मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला नेला, जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचवल्या. त्याच्यावर टीका कमी झाली नाही, कला बाजारात आणली म्हणाले. पण मला विचाराल तर तो या व्यवहारात सचोटीने वागला. छापील चित्र हे छापील चित्र म्हणूनच विकलं गेलं, छापील चित्राच्या किमतीला. आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीकडे बघून कोणी असं म्हणालं नाही की हे बडोद्याच्या राजवाड्यातलं मूळ चित्र समजून घ्या आणि त्या भावात घ्या. शिवाय छपाईला जे लागतं त्याची त्याने तजवीज केली, छपाईतली माणसंच बोलावली, स्वतःच्या स्टुडिओतल्या शिकाऊ पोरांच्या हाती छपाईचा दगड देऊन म्हटलं नाही की जमेल तसं काढा. स्वस्त आवृत्ती काढणं म्हणजे निष्काळजी आवृत्ती काढणं नव्हे, उलट तिला वेगळी आणि जास्तच काळजी लागते. आणि मुळात हा ब्रंच स्वस्त होता कुठे? अंडं बाजारात सात-आठ रुपयांना मिळतं. बी. व्ही. राव यांनी 1982 मध्ये एनईसीसी ही अंडी उत्पादकांची संघटना उभी केली तेव्हापासून शेतकऱ्याच्या अंड्याचा भाव रोज जाहीर होतो, त्यात लपवाछपवी काही राहिली नाही. त्या दोन अंड्यांचे, दोन पावांचे आणि मूठभर पालकाचे साडेसहाशे रुपये मी देते ते मालासाठी देत नाही. हातासाठी देते. तो हातच नसेल तर मी पैसे कशाचे दिले?

कॅज्युअल जागेला निकष लावू नका म्हणणाऱ्यांना तर मी थेट सिंगापूरला पाठवेन. 2016 मध्ये मिशलिन या फ्रेंच रेस्टॉरंट-गाइडने तिथल्या दोन हॉकर ठेल्यांना आपला मानाचा तारा दिला, त्यातला एक चान हॉन मेंग यांचा सोया सॉस चिकन-भाताचा ठेला, प्लॅस्टिकची खुर्ची, ट्रे आपला आपण उचलायचा, प्लेट दोन-तीन सिंगापूर डॉलरची. म्हणजे कॅज्युअल म्हणावं तर यापेक्षा कॅज्युअल काय असणार? तरी निकष लागले आणि ठेला त्यांवर उतरला. पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे, नाव झालं, शाखा निघाल्या, परदेशात दुकानं गेली आणि 2021 मध्ये तारा गेला. आता तारा नेमका त्याच कारणाने गेला का ते मिशलिनच जाणे, ते लोक कारणं सांगत नाहीत. पण याच्या अगदी उलट टोकाला बँकॉकच्या 'जे फाय' नावाच्या बाई आहेत, डोळ्यांवर स्कीचा गॉगल, कोळशाच्या शेगड्या आणि खेकड्याचं ऑम्लेट. ऑम्लेटच, म्हणजे पुन्हा अंडंच. रस्त्यालगतच्या उघड्या दुकानात सत्तरी ओलांडलेली बाई ते स्वतः तळते, दुसऱ्या कोणाच्या हाती कढई देत नाही, त्यामुळे लोक तासन्तास ताटकळतात आणि दाम रस्त्यावरच्या इतर गाड्यांच्या कैकपट आहे. कुरकुर करणारे आहेत, असणारच. पण त्या दामात काय येतं याबद्दल फसवणूक नाही, ज्या बाईचं नाव पाटीवर आहे तीच समोर घाम गाळताना दिसते.

मला असं म्हणायचं नाही की प्रत्येकाने जे फाय व्हावं. स्वतः उभं राहायचं नसेल तर दुसरा रस्ता आहे आणि तो आपल्याकडे कधीपासून आहे. इराण्याकडे बघा. वोहुमनचं चीझ ऑम्लेट असो की गुडलकचा बनमस्का, मेनूत जे आहे ते कोणीही पाचशे वेळा केल्यावर झोपेतसुद्धा करेल असं आहे. खिमा मोठ्या पातेल्यात मंद आचेवर बसलेला, जेवढा बसेल तेवढा मुरणार. ब्रून पाव भट्टीतून आलेला. अकुरीला, म्हणजे पारशी भुर्जीला, तवा आणि दोन मिनिटं. नवखा पोरगा आला तरी त्याला बिघडवायला फारसा वाव नाही, आणि गल्ल्यावर मालक बसलेला असतोच, त्याची नजर सगळीकडे. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन स्वतः ऑर्डर घ्यायचे, 2019 मध्ये वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. ते काही बेरी पुलाव शिजवत नव्हते. पण बिघडला असता तर गिऱ्हाईकाने ते कोणाच्या तोंडावर सांगायचं हे स्पष्ट होतं, आणि ते तोंड तुमच्या टेबलाशी उभं होतं. आजच्या शेफ-मालकाच्या जागेत ते तोंड भिंतीवर असतं, ब्लॅक अँड व्हाइट, हाताची घडी घालून. चितळ्यांनी बाकरवडीचं तिसरंच उत्तर काढलं, यंत्रावर नेली, आता कुठलाही डबा उघडा, चव तीच. (पूर्वी दुपारी दुकान बंद ठेवायचे, त्यावरून त्यांना जेवढे बोल लावायचे तेवढे पुणेकरांनी लावून झालेत, पण बाकरवडी आज नरम लागली असं कोणी म्हटलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.)

आणि हे फक्त इराण्यांना नि मिठाईवाल्यांना जमतं, मोठ्या शेफला जमत नाही असंही नाही. मुंबईत वाढलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी 1998 मध्ये न्यूयॉर्कला टॅब्ला हे रेस्टॉरंट सुरू केलं तेव्हा एकाच छताखाली दोन जागा होत्या. वर महागडं, ठरलेल्या मेनूचं जेवण आणि खाली ब्रेड बार. खालचं म्हणजे वरच्या पदार्थांची उतरलेली नक्कल नव्हती. तिथे तंदूरच्या रोट्या, चटण्या, आपल्या रस्त्यांवरचं नि घरांतलं खाणं, म्हणजे पहिल्यापासूनच वेगळ्या गर्दीसाठी आणि वेगळ्या वेगासाठी योजलेलं. 2009 मध्ये मंदीच्या तडाख्यात वरचा-खालचा भेद काढून टाकला आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी टॅब्ला बंद झालं, तरी ब्रेड बारची आठवण काढणारे लोक अजून भेटतात. पुढे 2015 मध्ये ते मुंबईच्या बॉम्बे कँटीन या रेस्टॉरंटशी जोडले गेले, तेही नावापासूनच अनौपचारिक. 2020 च्या मार्चमध्ये कोविडने त्यांना नेलं. तेव्हा साधेपणाने चांगलं करता येतं याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, आपल्याच माणसाने तो दिलेला आहे. फरक एवढाच की साधेपणाचाही आराखडा करावा लागतो. वरच्या मजल्यावरचा मेनू घ्यायचा, त्यातली दोन माणसं कमी करायची, टेबलावरचं कापड काढायचं आणि झालं कॅज्युअल, असं होत नसतं.

आता मिसळवाल्यांकडे वळते, कारण त्यांच्या बाजूने बोलतेय असा त्यांचा गैरसमज होईल. 'त्या पैशात मिसळ आली असती' हा काय वाद झाला? त्या पैशात सिनेमाची तिकिटंही आली असती, गॅस सिलिंडरही आला असता. दादरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनमध्ये जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं, मलाही आनंद झाला, मी त्या मिसळीची भक्त आहे. पण म्हणून रविवारी दुसरं काही खायची इच्छा होणं हा गुन्हा ठरतो का? नवं करून बघणाऱ्याची टिंगल करून आपण नेमकं काय साधतो? ठेच्याचं हॉलंडेज ही कल्पना मला अजूनही आवडते, नीट केलं असतं तर मी आज त्याचं कौतुक लिहीत बसले असते. माझी तक्रार प्रयोगावर नाहीच, प्रयोग अर्धवट सोडून त्याचं पूर्ण बिल लावण्यावर आहे. उलट मिसळवाले ज्या मिसळीचे गोडवे गातात ती इतकी वर्षं टिकली कशामुळे? कटाची चव एक दिवस जरी बदलली तरी पेठेतलं गिऱ्हाईक गल्ल्यावर जाऊन सांगायचं, मालक ऐकायचा, क्वचित भांडायचा, पण पुढच्या दिवशी कट ठीक असायचा. म्हणजे तुमची लाडकी मिसळ तक्रारींवरच पोसलेली आहे. मग शेफच्या अंड्याबद्दल तक्रार केली की हसायचं का?

राहिला टीका करू नका म्हणणाऱ्यांचा शेवटचा मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. टीका माणसाला लागते. बर्नार लुआझो या फ्रेंच शेफने फेब्रुवारी 2003 मध्ये स्वतःचा जीव घेतला. एका गाइडने त्याच्या रेस्टॉरंटचे गुण 20 पैकी 19 वरून 17 वर आणले होते, मिशलिनचा तिसरा तारा जाणार अशी कुजबुज होती, डोक्यावर कर्ज होतं, मनाचं दुखणं आधीपासून होतं. तारा गेलाच नव्हता, नंतरही बरीच वर्षं राहिला. हे आठवलं की हात थबकतो. पण नीट बघा, त्याला छळत होता तो आकडा आणि कुजबुज. 19 चे 17 का झाले, कुठलं ताट, कुठला सॉस, त्याचं उत्तर आकड्यात नसतंच, त्यामुळे त्यावर करण्यासारखंही काही नसतं, माणूस फक्त झुरतो. 'बलक आतून गार होता, रविवार, साडेबारा' या वाक्यात मात्र अपमान नाही आणि उपाय आहे. म्हणून मला चीड येते ती ऑनलाइन रिव्ह्यूत एक तारा टाकून पळणाऱ्यांची, आणि त्याहून जास्त त्यांची जे वाढणाऱ्या मुलाचं नाव घालून लिहितात की हा उद्धट होता, याने उशीर केला. तो मुलगा किचन आणि टेबलांच्या मधे सापडलाय, कॉफी मशीन त्याच्या ताब्यात नाही, अंडं त्याने केलेलं नाही, आणि महिन्याअखेर पगारकपात झाली तर ती त्याची होते. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही सवय पहिली बंद करा. बोलायचंच तर पदार्थाबद्दल बोला आणि ज्याचं नाव पाटीवर आहे त्याला बोला.

धंदा अवघड आहे हेही कबूल. भाडी डोळे पांढरे करणारी, माणसं सहा महिन्यांत सोडून जाणारी, डिलिव्हरी ॲपवाले वरच्यावर कमिशन कापणारे, जीएसटी 5 टक्के पण इनपुट क्रेडिट नाही म्हणजे सामानावर, भाड्यावर भरलेला कर अंगावरच. कोविडात किती चांगल्या जागा बसल्या ते आपण पाहिलंय. रविवार हाच कमाईचा दिवस, आणि अंडं-मैदा-बटाटा हा कमाईचा माल, त्यामुळे ब्रंच करायचा मोह कोणालाही होणार. करा की! पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? हाच ना, की रविवारी जे कमी माणसांत, कमी अनुभवात, भरधाव नीट होतं तेच ठेवा? पातेल्यात बसणारा खिमा घ्या, टोमॅटोच्या रश्श्यात भट्टीत घालून काढलेली अंडी घ्या, अंड्यांचा घोटाळा घ्या, थालीपीठ तव्यावरच भाजा आणि हवं तर त्यावर काय वाट्टेल ते ठेवा, फ्रेंच टोस्ट रात्रीच भिजत टाका. हॉलंडेज ठेवायचंच असेल तर शनिवारच्या टीममधला एक तरी पक्का माणूस रविवारी बोलवा, त्याला वेगळे पैसे द्या आणि ते पैसे बिलात उघडपणे लावा, मी भरेन, सर्व्हिस चार्जच्या नावाखाली नको. 1895 मध्ये गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने पहिल्यांदा ब्रंचची बाजू मांडली तीच मुळी रात्री उशिरापर्यंत जागलेल्यांसाठी, उशिरा उठा, निवांत खा, माणूस खुशीत येतो असं त्याचं म्हणणं. टेबलाच्या या बाजूला बसलेल्या जागलेल्यांचा त्याने विचार केला, आत शेगडीवर उभ्या असलेल्या जागलेल्यांचा केला नाही. मेनू लिहिणाऱ्याने तो करायला काय हरकत आहे?

मॅनेजर भला माणूस होता, मी सांगितलं तर माफी मागून कॉम्प्लिमेंटरी डेझर्ट पाठवतो म्हणाला. मी नको म्हटलं, कारण डेझर्टने विषय गोड होतो आणि तिथेच संपतो, किचनपर्यंत पोचत नाही. दोघीतिघींनी विचारलं की एवढं सगळं लिहितेस तर नाव का लिहीत नाहीस, घाबरलीस का. नाव लिहिलं की पुढच्या पाच मिनिटांत पुन्हा भक्त विरुद्ध द्वेष्टे सुरू होणार आणि अंडं बाजूला राहणार, म्हणून नाही लिहीत. शेफला मात्र मी वेगळं पत्र पाठवलंय, पदार्थ, वार, वेळ, काय गार होतं नि काय कच्चं, सगळं घालून, आणि वाढणारा मुलगा चांगला होता हेही. उत्तर अजून आलेलं नाही. येत्या रविवारची टेबलं मात्र फुल आहेत म्हणे.